उद्या हरवलेले राज्य

एका राज्यात सोमकेतू नावाचा राजा होता. त्याच्या डोळ्यांत फूल पडले आणि त्याला दिसेनासे झाले. अंजनाक्ष नावाच्या मांत्रिकाने मंतरलेले काजळ घालून त्याला पुन्हा दृष्टी दिली. मोबदला एकच मागितला: तुरुंगातला आपला भाऊ सोडावा. राजा म्हणाला, "सोडीन." दुसऱ्या दिवशी विचारले, तरी "सोडीन." असे म्हणता म्हणता पावसाळा सरला आणि भाऊ तुरुंगातच मेला.

मांत्रिक दरबारात आला. शांतपणे म्हणाला, "ज्या शब्दावर मला झुलवलेस, तो आणि त्याची सारी भावंडे मी नेतो." त्याने करीन, येईल, होईल हे सगळे शब्द हवेतून वेचले, तांब्याच्या रांजणात भरले आणि डोंगरावर निघून गेला.

त्या दिवसापासून प्रजेला उद्याचे बोलता येईना; आणि बोलता येईना म्हणून सुचेना. शेतकऱ्यांनी बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली. तळ्याच्या बांधाला भेग पडली, ती ओलांडून बायका पाण्याला जात राहिल्या. राजाची लेक इरावती एका बाळंतिणीला भेटायला गेली, तेव्हा पोर केळीच्या पानात गुंडाळलेले होते. कुंची कोणी शिवलीच नव्हती. इरावती परसात आली.

तिथे भारद्वाज पक्षी बसला होता. पक्ष्यांना शाप नव्हता. तो म्हणाला, "रांजण डोंगरावर आहे. चालू लागलीस तर पोचशील."

ती चालू लागली, भारद्वाज तिच्या पुढे उडत राहिला.

डोंगरावर पोचून तिने रांजण मागितला, तेव्हा मांत्रिकाने तिला तीन कामे सांगितली. पहिले, खडकाळ माळावर आंब्याची कोय लावणे. हे कशासाठी, हा विचार तिच्या मनात येईना. तरी तिने नखांनी माती उकरून कोय पुरली आणि ओंजळीने पाणी घातले. दुसरे, शिजवलेल्या भातातला अर्धा राखणे. भूक फार होती, तरी तिने राखला. सांजवेळी एक थकलेली गुराखीण आली, तिने तो खाल्ला.

मग तिसरे काम सांगताना मांत्रिक म्हणाला, "तुरुंगात अजून माणसे आहेत. मला त्यांच्यासाठी तुझा शब्द हवा."

इरावतीने तोंड उघडले. "सोडीन" हा शब्द जिभेवर येईना. ती खडकावर बसून राहिली. तुरुंगाचे काळोखे दार तिच्या डोळ्यांसमोर आले, आणि ती उठली.

"मी त्यांना सोडते," ती म्हणाली.

"सोडते" म्हटल्यावर थांबता येईना; ते आत्ताच करणे भाग होते. तिने बोटातली राजमुद्रा काढून भारद्वाजाच्या चोचीत दिली. तुरुंगाधिकाऱ्याला ही दाखव, दारे उघडायला सांग, असे तिने बजावले. पक्षी उडाला.

मांत्रिक म्हणाला, "तुझ्या बापाने एवढेच म्हटले असते, तर माझा भाऊ जगला असता." एवढे बोलून त्याने रांजण उपडा केला.

शब्द पाखरांसारखे खाली उतरले. गावात कोणीतरी म्हणाले, "पाऊस येईल," आणि लोक कुदळी घेऊन बांधाकडे धावले. शेजारच्या राज्यातून बियाणे आणवले. राजा सोमकेतू अनवाणी डोंगर चढून गेला आणि मांत्रिकाच्या पायांशी बसला. मांत्रिकाने क्षमा केली नाही. पण पाणी दिले.

पुढे त्या राज्यात पाऊस वेळेवर पडला, पेरण्या झाल्या. शब्द परत मिळाले, तरी घरातून निघताना तिथे कोणी "जाईन" म्हणत नाही. "येतो" म्हणतात आणि येतात.