पहिलीचा हार

फार वर्षांमागं शर्यतीच्या मोटारींच्या एका कारखान्यात हिंदुराव मिस्त्रींनी नव्या बनावटीची पहिली गाडी जुळवली. पहिल्या गाडीचं कामच असतं कुरकुरायचं. ती कुरकुरेल तिथं मिस्त्री खोलून बघणार. पण खोलाखोल निघाली की मिस्त्रींचं तोंड उतरायचं. म्हणायचे, "दुसऱ्यांच्या गाड्या बघ, कशा गप पळतात."

मग गाडी गप पळायला शिकली. दोन शर्यती जिंकली. "एकदाही कुरकुरली नाही," म्हणत मिस्त्रींनी दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला.

तिला रोज उचलून धरणाऱ्या म्हाताऱ्या लोखंडी जॅकला मात्र तिच्या पुढच्या चाकाचं दुखणं कळायचं. "पोरी, आज तरी सांग त्यांना."

"नको काका. त्यांचं उतरलेलं तोंड बघवत नाही मला."

तिसऱ्या शर्यतीत वळणावर तेच चाक निखळलं. चालवणारा वाचला, गाडी भंगारात गेली.

आता दुसरी गाडी उभी आहे. मिस्त्री रोज तिच्या बॉनेटला कान लावतात. "काय दुखतंय का, बाई? सांग की."

ती गपच असते. खुंटीवर तो सुकलेला हार अजून आहे, आणि तो कशाबद्दल मिळाला होता, ते तिनं ऐकलंय. तिला उचलताना जॅक रोज म्हणतो, "पोरी, तू तरी सांग त्यांना."