बदामाखाली बसलेले गाढव

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी जिथे ओढा वळण घेऊन रानात शिरतो, तिथे एका म्हाताऱ्या अस्वलिणीची बाग होती. तिची पिल्ले मोठी होऊन केव्हाच डोंगरापलीकडे निघून गेली होती. रिकाम्या गुहेत तिला करमेना. म्हणून तिने गुहेपुढची जमीन उकरली, दगड वेचून बाजूला टाकले आणि शेवंतीचे वाफे केले. कडेने अबोली लावली. मधोमध एक जुना बदाम होता, तो तसाच राहू दिला.

पावसाळ्यात सगळेच रान हिरवे असते, त्यामुळे तेव्हा या बागेकडे कोणी फिरकत नसे. पण मार्गशीर्ष आला, थंडी पडू लागली आणि रानातले गवत वाळून करडे झाले, की अस्वलिणीची शेवंती फुलायची. पिवळी, पांढरी, विटकरी. त्याच सुमारास बदामाची पाने रंग बदलायची. आधी कडा पिवळ्या पडत, मग नारिंगी होत आणि शेवटी पानच्या पान लालभडक होऊन गळून पडे. मग मोर, हरणे, ससे, साळुंक्या असे सगळे बाग बघायला येत. वर्षभरात अस्वलिणीच्या दारी वर्दळ होई ती एवढ्याच दिवसांत. ती त्या दिवसांची वाट बघत असे.

या बागेत कामाला एक गाढव होते. ते गावाकडच्या वीटभट्टीवरून पळून आले होते. आले तेव्हा त्याची पाठ सोलून निघाली होती. अस्वलिणीने पाला वाटून पाठीला लावला, त्याला निवारा दिला आणि ते तिथेच राहिले. इथे त्याला कोणी मारत नव्हते, पण काम मात्र होतेच. सकाळी ओढ्यावरून मडक्यांनी पाणी आणायचे आणि दुपारी खाली पडलेली पाने टोपल्यांत भरून दूरच्या खड्ड्यात टाकून यायची. पाने वाहून नेण्याचे काम मोराच्या सांगण्यावरून सुरू झाले होते. एका वर्षी तो म्हणाला होता, "आजी, बाग छान आहे, पण हा पाचोळा तेवढा काढत जा. माझा पिसारा मळतो." तेव्हापासून अस्वलीण रोज खराटा मारू लागली आणि गाढव रोज टोपल्या वाहू लागले.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला. ओढा आटत चालला, तशा पाण्याच्या खेपा वाढल्या. त्यातच बदामाची पाने गळू लागली. गाढव एक टोपली रिकामी करून येई, तोवर झाडाखाली दुसरी टोपलीभर पाने पडलेली असत.

एक साळुंकी फांदीवर बसून म्हणाली, "काय रंग आहे या पानांचा! नुसतं बघत बसावंसं वाटतं."

गाढव मान खाली घालून टोपली भरत होते. ते म्हणाले, "तुला बघायची आहेत, मला उचलायची आहेत. उचलणाऱ्याला सगळी पानं सारखीच."

साळुंकीने त्याच्या टोपलीकडे पाहिले. ती उडून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, भरलेल्या टोपल्या पाठीवर असतानाच गाढवाचे पुढचे पाय दुमडले. ते बदामाखाली बसले. पडले असे म्हणता येणार नाही, ते अगदी सावकाश बसले. टोपल्या कलंडल्या आणि सगळी पाने पुन्हा जमिनीवर पसरली.

अस्वलीण धावत आली. "काय रे, काय झालं? पाय मुरगळला का?"

"नाही, आजी."

"मग काही टोचलं का?"

"काही नाही झालं," गाढव म्हणाले. "दमलोय. उठावंसं वाटत नाही."

अस्वलिणीने त्याच्या पाठीवरच्या टोपल्या सोडल्या, त्याला पाणी पाजले आणि म्हणाली, "आजच्या दिवस बस. मी बघते."

पण दुसऱ्या दिवशीही त्याला उठता आले नाही, आणि तिसऱ्या दिवशीही नाही. अस्वलीण एकटीच पाणी आणू लागली. पाने काढायला काही तिला वेळ मिळेना. तिचीही कंबर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. पाने साचत गेली. बदामाखाली, वाटेवर, शेवंतीच्या वाफ्यांत, जिकडे तिकडे लाल, तांबूस, पिवळी पाने दिसू लागली. संध्याकाळी अस्वलीण त्यांच्याकडे बघे आणि तिचा जीव खाली-वर होई. कारण मंडळी यायची वेळ झाली होती.

एके दिवशी सकाळी मोर आला. त्याच्यामागून हरणे आणि ससे होते. कुंपणापाशी येऊन मोर थांबला. आत पाऊल टाकायच्या आधी त्याने खाली बघितले.

"आजी, यंदा झाडलं नाही वाटतं?"

"अरे, हा आजारी आहे," अस्वलीण म्हणाली. "मला एकटीला होत नाही. या ना आत. फुलं छान आली आहेत."

मोराने बदामाखालच्या गाढवाकडे एकदा पाहिले. "आम्ही नंतर येऊ," तो म्हणाला. "झाडून झालं की कळवा." आणि तो वळला. हरणेही त्याच्यामागे वळली.

ही मंडळी एकदा दुसरीकडे जाऊ लागली, तर पुन्हा यायची नाहीत, असे अस्वलिणीला वाटले. मग ही बाग कुणासाठी? तिने घाईघाईने खराटा उचलला. "थांबा," ती म्हणाली, "आत्ता होईल. अर्धा भाग तरी झाडून देते."

तिची घाई बघून गाढवाने पुढचे पाय जमिनीवर रोवले. उठायला पाहिजे, एवढेच त्याच्या मनात आले. त्याचे पाय थरथरू लागले. मान ताठ झाली, नाकपुड्या फुलल्या आणि डोळ्यांत पाणी आले. तरी ते उठायचा प्रयत्न करीतच राहिले.

अस्वलिणीने ते पाहिले. विटांनी सोललेली त्याची पाठ तिनेच बरी केली होती. आणि आज तिच्याच अंगणात, कुणाचा पिसारा मळू नये म्हणून, ते असे थरथरत होते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने खराटा खाली ठेवला. "बस," ती गाढवाला म्हणाली. "उठू नकोस."

"आजी, ते जातील."

"जाऊ देत."

मोर गेला. हरणे गेली, ससेही गेले. अस्वलीण गाढवाच्या शेजारी पानांवर बसली. एवढ्या वर्षांत ती बागेत कधी बसली नव्हती. एक तर उभी तरी असायची, नाहीतर वाकलेली. दोघेही दमले होते. ऊन पाठीवर येत होते. वरून एक पान फिरत फिरत आले आणि त्यांच्यापुढे पडले.

"हे पूर्ण लाल नाही," थोड्या वेळाने गाढव म्हणाले.

"हो का?"

"शिरा हिरव्या आहेत अजून. आणि हे इकडं जांभळट आहे."

अस्वलिणीने पान जवळ घेऊन बघितले. तिची नजर आता कमी झाली होती, म्हणून तिने ते उन्हात धरले. उन्हात ते पान आतून दिवा लावल्यासारखे दिसले. "मी लावलेल्या बागेत हे होतं होय," ती हळूच म्हणाली.

त्या दिवसापासून अस्वलिणीने झाडणे सोडले. सकाळी झेपेल तेवढे पाणी आणायचे आणि दुपारी बसायचे, एवढेच तिने ठरवले. पाणी अर्ध्यावर आले, तेव्हा शेवंती आता जाणार असे तिने मनाशी धरले होते. पण वाफ्यांतली पाने बाजूला करून तिने माती चाचपली, तर ती ओलसर लागली. पानांच्या पांघरुणाखाली ऊन पोचत नव्हते. इतकी वर्षे ती पाने दूर टाकत होती आणि उघड्या पडलेल्या मातीसाठी गाढवाकडून पाण्याच्या खेपा करून घेत होती. हे ध्यानात आले तेव्हा ती गाढवाजवळ जाऊन बसली. नुसती त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

मोर त्या वर्षी परत आला नाही. अस्वलिणीला त्याचे वाईट वाटले, वाटले नाही असे नाही. काही ससे आले. साळुंकी आली. ज्याला जिथे जागा मिळाली, तिथे तो पानांवर बसला.

गाढव आता उठून थोडे चालू लागले होते. पूर्वीसारखे बळ मात्र त्याला पुन्हा आले नाही. एका सशाने त्याच्याजवळ येऊन विचारले, "दादा, तुम्ही इथंच असता. यातलं सगळ्यात चांगलं फूल कुठलं?"

हा प्रश्न गाढवाला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने सगळ्या बागेवरून नजर फिरवली. उत्तर द्यायला त्याला इतका वेळ लागला की ससा पाय पोटाशी घेऊन खाली बसला.

"ते," शेवटी गाढव म्हणाले. "कुंपणाजवळचं, फिकट पिवळं. मान वाकलीये त्याची, पण फुललंय. चल, जवळून दाखवतो."

आणि ते सावकाश, पानांवर पाय टाकत, सशाच्या पुढे चालू लागले.

तात्पर्य : ज्यांच्या कष्टांवर बाग फुलते, त्यांना ती बसून बघायची सवड मिळाली पाहिजे.