परिषदेची कडी

तालुक्याच्या कॉलेजात ‘आर्थिक स्पर्धेच्या बदलत्या कल्पना’ या विषयावर मोठी परिषद भरली. जेवण द्वारकाबाईंच्या बचत गटाकडे होतं. संकष्टीचा कडक उपास धरून बाई पहाटेपासून चुलीपाशी होत्या. कॉलेजची वर्षभराची खानावळ कुणाला द्यायची, हे प्राचार्य त्याच दिवशी ठरवणार होते आणि दहा बायकांची आशा त्यावर होती.

अध्यक्ष डॉ. सातपुत्यांनी पिठलं-भाकरी पाहून नाक मुरडलं. “बाई, हे स्पर्धेचं युग आहे. खानावळ मी शहरातल्या ठेकेदाराला द्यायला सांगणार. ज्याच्या मालात दम असतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक आपणहून थांबतं!”

मग सर भाषणाला उभे राहिले, ते दोन तास बसायचं नाव घेईनात. माणसं उठून जातात म्हणून त्यांनी सभागृहाला आतून कडी घालून शिपाई उभा केला होता. पाणी वाटायला आलेल्या द्वारकाबाईही आतच अडकल्या.

“कुणाला शंका?” सरांनी ऐटीत विचारलं.

“एकच आहे, सर,” बाई नम्रपणे म्हणाल्या. “तुमच्या मालात एवढा दम आहे, तर दाराला कडी कशाला? मी ती काढते. तुम्ही बोला, बाहेर मांडवात आम्ही वाढतो. ज्याच्याकडे गिऱ्हाईक थांबेल, तो खरा!”

शिपायानेच हसत कडी काढली. सगळ्यांत आधी प्राचार्य उठले. पाच मिनिटांत सरांपुढे रिकाम्या खुर्च्या उरल्या आणि पहिल्याच घासाला प्राचार्यांनी खानावळ बाईंना देऊन टाकली.

शेवटी सरही ताट घेऊन आले. बाईंनी गरम भाकरी वाढली. “सावकाश जेवा, सर. आमच्या मांडवाला दारच नाही.”