ड्रमावरची काच

“मग मी त्या पोरांना काय सांगू, सर?” केतकीने विचारलं.

भोसेकर सर ओसरीवरच्या लोखंडी ड्रमावर काच बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणत्या पोरांना?”

इतका वेळ आपण भिंतीशी बोलत होतो की काय, असं तिला वाटलं. तसं नव्हतं. सरांना कुणाचंही गाऱ्हाणं दोनदा ऐकायची सवय होती. दुसऱ्यांदा सांगताना माणूस तिखटमीठ कमी लावतो, असं त्यांचं मत होतं.

केतकीने पुन्हा सांगितलं.

डॉ. केतकी वाघचौरे विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकवते. नेमणूक हंगामी, अकरा महिन्यांची. मग सक्तीची रजा, मग नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि मुलाखतीत दरवर्षी तोच प्रश्न, तुम्हाला शिकवण्याची आवड आहे का. विभागात कायम प्राध्यापकांची नावं पितळी पाट्यांवर आहेत. तिचं नाव कागदावर, चिकटपट्टीने लावलेलं. उन्हाळ्यात कुणीतरी तो कागद काढून टाकतं.

आता शेवटच्या वर्षाच्या पोरांनी हट्ट धरला होता. आपण दुर्बीण बांधू, मॅडम. विकतच्या आरशाची नको, आपणच काच घासून आरसा करू.

त्याला वर्ष तरी लागणार. ती ‘बघू’ म्हणाली होती. तेवढ्यात पुण्याच्या एका विमा कंपनीने तिला कायमची नोकरी देऊ केली. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. आज रविवार.

“पुढच्या उन्हाळ्यात मी तिथे असेन की नाही, मलाच ठाऊक नाही,” ती म्हणाली. “जो आरसा पुरा करायला मी नसणार, तो सुरू कशाला करू?”

“तुझ्यावर अन्याय होतोय,” सर म्हणाले.

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचा तिला रागही आला.

“कंपनीत तारे आहेत का?” सरांनी विचारलं.

“नाहीत. आकडे आहेत. पण जागा पक्की आहे.”

“हं…”

ती सल्ल्याची वाट पाहत राहिली. सरांनी तिच्या हातात जाडजूड गोल काच दिली.

निवृत्तीनंतर सर दहिवडीजवळच्या माळावर राहायला आले, ते तिथल्या कोरड्या आभाळासाठी. आभाळाबरोबर वाराही पदरात पडला. घराचं दार सारखं आपटायचं, म्हणून त्याला एक गोल काच टेकवलेली होती. तशीच एक लोणच्याच्या बरणीवर, एक वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर. सरांनी घासलेले आरसे घरात फारसे दिसत नसत. ते कुठल्या ना कुठल्या शाळेला देऊन टाकलेले असायचे. आणि घरी येणाऱ्याने चहाआधी ड्रमाभोवती फिरायचं, हा रिवाज होता. पाहुणा असो की पोस्टमन, सुटका कुणाचीच नव्हती.

केतकीने जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींच्या निरीक्षणांवर प्रबंध लिहिला होता. परदेशात तिच्या निबंधाचं कौतुक झालं होतं. आरशाला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. तशी वेळच आली नाही, असं ती सांगायची.

ड्रमात दगड भरले होते. वर फळी, फळीवर एक काच, आणि ती हलू नये म्हणून तिच्या कडेला लाकडी ठोकळे ठोकलेले. दुसरी काच केतकीच्या हातात. दोन्ही एकाच तावातून कापलेल्या, एकसारख्या.

“यातली आरसा कोणती होणार?” सरांनी विचारलं.

ती हसली. इतका सोपा प्रश्न सरांनी तिला वर्गात कधी विचारला नव्हता.

“खालची. ती पक्की बसवलीय. ही वरची घासायला.”

“बरं,” सर म्हणाले. “घास.”

त्यांनी खालच्या काचेवर कार्बोरंडमची, काच झिजवणारी काळी पूड भुरभुरली, वर थोडं पाणी शिंपडलं. केतकीने वरची काच ठेवली आणि पुढे ढकलली. कर्रकन आवाज झाला, तिच्या अंगावर काटा आला.

“पुढे, मागे. मग काच जराशी फिरव. मग तू एक पाऊल सरक.”

“मी कशाला सरकू?”

“एका जागी उभी राहिलीस तर काच एकाच बाजूने झिजेल.”

ती सरकली. पुढे, मागे, फिरव, सरक. पहिल्या फेरीत तिला विमा कंपनी आठवत होती. पुढे नुसता आवाज उरला. पूड नवी असताना तो करकरायचा, मग मऊ होत जायचा, आणि मऊ झाला की सर पुन्हा पूड टाकायचे. तिच्या ओढणीला काळा चिखल लागला. एकदा तिने विचारलं, झालं का. सर शेंगा सोलत होते. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा सर उठले. त्यांनी दोन्ही काचा धुतल्या, पुसल्या आणि तिच्या हाती पोलादी पट्टी दिली.

“खालचीवर ठेव.”

तिने पट्टी काचेवर उभी धरली. पट्टी मध्यावर टेकली आणि दोन्हीकडे डुगडुगली.

“फुगलीय,” ती म्हणाली.

“आता वरची.”

वरच्या काचेच्या दोन्ही कडांवर पट्टी नीट टेकली. मधे मात्र खालून उजेडाची बारीक रेघ आली.

केतकीने काच फिरवली. रेघ तशीच होती. पट्टी आडवी-उभी लावून पाहिली, पट्टीच वाकडी असेल म्हणून ती उलटून पाहिली. रेघ गेली नाही.

“सर, ही वरची खोलगट झालीय.”

“होय.”

“दुर्बिणीचा आरसा खोलगटच लागतो. म्हणजे आरसा ही होणार?”

“तीच होते. नेहमीच.”

“आणि खालची?”

“आरसा पुरा होईपर्यंत ती लागतेच. तिच्यावाचून काम होत नाही.” सरांनी दाराकडे पाहिलं. “मग वाऱ्याला उपयोगी पडते.”

केतकीनेही दाराकडे पाहिलं. मग बरणीकडे. मग गठ्ठ्याकडे…

सर आत जाऊन चहा घेऊन आले. ती अजून पट्टी लावून बसली होती. चहा समोर ठेवला, तिला दिसला नाही. तिने दोन्ही काचा हातात घेऊन एकमेकींवर धरल्या, वरची पुढे सरकवली, तिची कड खालचीच्या बाहेर गेली, तशी थांबली. मागे आणली. पुन्हा पुढे नेली. ओठ हलत होते. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसायची तेव्हाही तिचे असेच हलायचे. सरांना फार बरं वाटलं.

“पण सर, काच तीच, पूड तीच, माझा जोरही दोघींवर सारखाच. मग वरचीच खोलगट का होते?”

सरांनी तिच्या हातून दोन्ही काचा घेतल्या. जुन्या धोतराच्या तुकड्यात एकीवर एक ठेवून गुंडाळल्या, वर पुडीची पिशवी बांधली आणि ते गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं.

“सर, सांगा ना… का होते?”

“ते उद्या पोरांना विचार.”