देवीची साडी आणि गाडीचा श्वास

आमच्या गावात नवरात्रात देवीची मिरवणूक नेहमी आनंदरावांच्या डिझेल टेम्पोतून निघे. यंदा पंचांनी कौसल्याची नवी बॅटरीवरची रिक्षा ठरवली आणि आनंदरावांच्या पोटात दुखू लागलं.

देवळासमोर ते गरजले, "इंजिन हवा ओढतं, डिझेल जाळतं, श्वास सोडतं. माझी गाडी जिवंत आहे! हिचं खेळणं साधा आवाजही करत नाही. देवीला मेलेल्या गाडीत बसवणार?"

कौसल्या शांतपणे म्हणाली, "खरंय, भाऊ. मग वहिनींनी देवीसाठी आणलेली पिवळी साडी तुमच्या सायलेन्सरपाशी, त्या श्वासापुढे जरा धरू या. नंतर तीच देवीला नेसवू."

आनंदराव काही बोलायच्या आत त्यांच्या बायकोने साडी छातीशी कवटाळली आणि ती थेट रिक्षात जाऊन बसली.