दारात बसलेला काळा कुत्रा

फार उंचावर, जिथं ढग थेट अंगणात उतरतात, तिथं एक गाव होतं. गारमाळ त्याचं नाव. या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या बरं.

तर त्या गावाला एकाच गोष्टीची भीती. वाघाची नाही, सापाची नाही. एका काळ्या कुत्र्याची. केवढा म्हणाल, तर वासराएवढा. डोळे निखाऱ्यासारखे. भर उन्हात उभा राहिला तरी त्याची सावली पडायची नाही. तो भुंकायचा नाही, चावायचा नाही. नुसता यायचा आणि कुणाच्या तरी दारात बसायचा. ज्या घरात माणूस आजारी, नेमक्या त्याच घरी.

मग गावाची रीत अशी, की तो बसला रे बसला, दाराला करवंदीची काटेरी फांदी लावायची. उंबऱ्यावर चुलीतल्या राखेची रेघ ओढायची. तीन दिवस आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. चौथ्या दिवशी दार उघडलं, की बहुतेक वेळा आतून रडणंच ऐकू यायचं. लोक म्हणायचे, "नेलं त्यानं."

त्या गावात येसू नावाची एक सून होती. नवरा मेंढरं घेऊन खाली देशावर गेलेला. घरात ती, तिची सासू भागाबाई आणि तीन वर्षांची लेक तानू. एक दिवस तानूचा घसा धरला. दिवस मावळेपर्यंत अंग तव्यासारखं तापलं. पाण्याचा घोट उतरेना. श्वास असा वाजायचा, जशी ओल्या लाकडातून करवत चाललीय.

"आत्याबाई, घाटाखाली ठकू वैदीण आहे. तिच्याकडं नेते हिला," येसू म्हणाली.

"उजाडू दे गं. अंधारात पाय घसरला म्हणजे?"

उजाडलं. येसूनं दार उघडलं, तर अंगणात तो बसलेला.

शेजारची गोदा कुडाच्या कुंपणावरून ओरडली, "दार लाव गं बये! आमच्याकडं बघायला लागला म्हणजे?" कुणी फांदी आणली. भागाबाईनं राखेची रेघ ओढली.

पहिल्या दिवशी येसूनं फटीतून पाहिलं. कुत्रा दाराकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी तो उठला, घाटाच्या वाटेपर्यंत गेला, मागं वळून बघितलं आणि परत येऊन बसला. दिवसभर त्याचं हेच चाललं. मग तिसऱ्या दिवशी तानूचं रडणं थांबलं. नुसती करवत चालू. तेव्हा त्या कुत्र्यानं तोंड वर केलं आणि आवाज काढला. भुंकणं नव्हतं ते. रडणंच होतं.

येसूच्या मनात आलं, ज्याला न्यायचंय तो काट्यांना भिऊन तीन दिवस बाहेर बसेल होय? आणि तो रडेल कशाला?

तिनं तानूला पाठीशी बांधलं. भागाबाई दारात आडवी झाली.

"माझी दोन लेकरं गेली, येसू. रेघ ओढली होती तरी गेली. अन् तू रेघ मोडून निघालीस?"

"रेघ ओढूनच गेली ना, आत्याबाई?"

भागाबाईनं उंबऱ्यावरच्या राखेकडं पाहिलं. हळूच बाजूला झाली. येसूनं फांदी ढकलली, हात रक्ताळला. कुडावरून गोदा म्हणाली, "सासूपेक्षा शहाणी! जा, दे पोरीला त्याच्या तोंडात!"

कुत्रा पुढं, येसू मागं. घाटात धुकं इतकं, की स्वतःचे पाय दिसेनात. ते दोन डोळे तेवढे दिसायचे. ती त्यांच्या मागं चालत राहिली. मग ओढ्याशी आली. नेहमीची वाट लाकडी साकवावरून, तर कुत्रा वाटेत आडवा बसला. "हाड!" म्हणाली. हलेना. वाकून पाहते, तर साकव मधोमध मोडलेला, खाली नुसतं पाणी घोंघावतंय. कुत्र्यानं वरच्या अंगाचा उथळ पाण्यातला उतार दाखवला. मग शेवटच्या उतरणीवर ती पार दमली. क्षणभर टेकावं म्हणून बसली आणि डोळा लागला. तेव्हा तो तिच्या कानाशी पुन्हा तसाच रडला. ती दचकून उठली आणि धावत सुटली.

ठकू वैदिणीनं एक शब्द विचारला नाही. मोराचं पीस काढ्यात बुडवलं आणि तानूच्या घशातला पांढरा पापुद्रा ओढून काढला. तानू खोकली. मग केवढ्यानं रडली! येसूनं तिला छातीशी धरलं.

"घटकाभर उशीर झाला असता, तर हाती लागली नसती," वैदीण म्हणाली. मग दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. "किती वर्षं बघते मी त्याला. वर बोलवायला जातो तुमच्या गावात. परत येतो तो एकटाच."

येसू लेकीला घेऊन घरी आली. अंगणात बायका जमल्या. तिनं वैदिणीचं बोलणं सांगितलं. जी ती आपल्या घरचं आठवत होती. गोदानं तोंडाला पदर लावला.

भागाबाई उंबऱ्यावर बसली. राख हातानं पुसत राहिली.

"दोन्ही वेळेला बसला होता गं तो," ती म्हणाली. "अन् दार मी लावलं."

येसूनं तानूला तिच्या मांडीवर दिलं. दुसरं काय करणार?

तेव्हापासून गारमाळात आजारी माणसाच्या घराला कुणी काटा लावला नाही. कुत्रा बसला, की लोक पोर उचलायचे आणि त्याच्या मागं धावायचे. पुष्कळ पोरं वाचली. तानू मोठी झाली, सासरी गेली, लेकुरवाळी झाली, सुखात राहिली. भागाबाईही राहिली. पण ती फारशी बोलायची नाही.

झालं. आता कूस बदला आणि झोपा. आणि हे बघा, कुणाचा घसा दुखला, अंग कढत वाटलं, तर मला उठवायचं. झोपमोड होईल म्हणून गप्प राहायचं नाही. कळलं ना?