दोराचं टोक

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून शाळेच्या बाईंनी तीन दिवस माझं डोकं खाल्लं. पोरांना राग आवरायला शिकवायचंय म्हणे. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला काय विचारता? पण ऐकतात थोड्याच! घ्या, सांगतो. मधे कुणी चुळबुळ करायची नाही.

फार फार मागे, राजा कोण होता तेही कुणाला आठवत नाही अशा काळी, एका कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचं गाव होतं. कड्याच्या पोटाला मोहोळं लटकायची. मध काढणारा दोराने खाली उतरायचा. दोराचे झाडाच्या बुंध्याला दोन वेढे, आणि मोकळं टोक घरच्या माणसाच्या हातात. परक्याने धरायचं नाही, ही गावाची रीत.

एका घरात बाप आणि पोर, दोघंच. म्हणून टोक पोरीच्या हातात. पोर ताकदीची, पण डोक्याने भडक. राग आला की हातात असेल ते टाकायचं आणि दुसरं काहीतरी उचलून फेकायचं. बाप हसायचा. "मोठी झाली की निवळेल," म्हणायचा.

एका सकाळी बाप दोरावर असताना चुलत बहीण म्हणाली, "तुझ्या बापाच्या मधात निम्मं मेण असतं."

पोरीने टोक टाकलं आणि दगड उचलला.

टाकलं! दोर बुंध्यावरून सरसर धावला. खालून जी किंकाळी आली, तशी तिने जन्मात ऐकली नव्हती. रीत गेली चुलीत म्हणत शेजाऱ्याने झेप घालून टोक धरलं, म्हणून बाप वाचला. गुडघा मात्र खडकावर फुटला.

पोर तशीच उभी, हातात दगड. "मी सोडलं? मी कधी सोडलं?"

गाव म्हणालं, "बडवा तिला."

गावातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, "बडवलं तर मार आठवेल, दोर नाही आठवणार. माझ्याकडे द्या."

महिन्याभराने बाप काठीवर उभा राहिला. त्या दिवशी म्हातारीने पोरीच्याच कमरेला दोर बांधला, तिला कड्यावरून खाली सोडलं आणि टोक दिलं कुणाच्या हातात? त्या चुलत बहिणीच्या!

"आजे, वेड लागलं का!" बापाचा चेहरा पांढराफटक पडला.

लटकणाऱ्या पोरीला वरचं काही दिसेना. फक्त ऐकू येत होतं. म्हातारी चुलत बहिणीला टोचत होती, "काय गं ही वेणी, का घोड्याचं शेपूट? तुझ्या आईला तरी भाकरी थापता येते का?"

"आजे, गप्प बस! तिला राग येईल!" पोर ओरडली. आणि आपण काय बोललो ते ऐकून गारच पडली.

वर बहिणीचं नाक फुगलं असेल का? बोटं सैल पडली असतील का? दुसऱ्याच्या मनात काय चाललंय, हे पोरीने आयुष्यात पहिल्यांदा शोधलं.

वर ओढल्यावर तिला दिसलं, म्हातारीने दोर झाडालाही गाठ मारून ठेवला होता. तिने बापाला विचारलं, "बा, तूपण खालून माझा आवाज असाच ऐकायचास?"

"रोज," बाप म्हणाला.



मग वर्षभर म्हातारी दोराला मडकं बांधायची, टोक पोरीला द्यायची आणि तोंडाला येईल ते बोलायची. "राग आला की मूठ आवळ. श्वास सोड. बोलायचं ते मडकं वर आल्यावर." बारा मडकी फुटली. तेरावं फुटलं नाही.

पुढच्या हंगामात बाप पुन्हा दोरावर गेला. चुलत बहीण फणकारली, "बापाला लंगडं केलंस, आणि परत टोक धरतेस? लाज नाही वाटत?"

सगळं गाव थिजलं. पोर लालबुंद झाली, डोळे वाहायला लागले. मूठ मात्र आवळलेलीच. "बा वर आला की बोलते."

बाप वर आला, टेकला. तेव्हा तिने टोक खाली ठेवलं. जो तो दगडाची वाट बघत मागे सरकला.

"वाटते लाज," पोर म्हणाली. "रोज वाटते. म्हणून तर घट्ट धरते."

चुलत बहिणीची मान खाली गेली. "चुकलं माझं," ती म्हणाली.

राग येईल तो येऊ दे, पण आपल्या हातात कुणाचा जीव आहे ते आधी बघ.

त्या अकरा वर्षांच्या चुलत बहिणीला तिथल्या तिथे 'चुकलं' म्हणता आलं. साठी ओलांडलेल्या एका माणसाला मात्र भर चावडीवर माझ्या अंगावर ओरडून सहा वर्षं झाली तरी ते जमेना. नाव विचारताय? येसबा खरमाटे.